धुराडं नसलेलं घर

"पण धुराडं कुठंय?" आज बे-लीफ फार्महाऊस या जुन्या इंग्लिश घराचा फोटो टाकला, त्यावर पहिला प्रश्न हाच आला. दिवसभर डोक्यातून जाईना.

धुराडं नाहीच. इंग्लंडच्या केंट परगण्यातलं हे शेतकऱ्याचं घर, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. मधल्या दालनात जमिनीवरच उघडी चूल आणि वर थेट छपरापर्यंत मोकळी जागा. धूर कौलांच्या फटींतून नाहीतर बिनकाचेच्या खिडक्यांतून वाट काढायचा.

अशा घरांत पुढं धुराडी आली, दालनावर माळा पडला. काजळी मात्र वरच्या वाशांवर तशीच राहिली. म्हणून जुन्या इंग्लिश घराचं वय ताडायचं तर आधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढावं; काजळी दिसली की तिथं आधी उघडी चूल होती हे कळतं.

भिंती बघा. ओकचं लाकूड ओलं असतानाच कापायचं. एका लाकडाचं कोरलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकात बसवून लाकडी खुंटी ठोकायची; खुंटीची भोकं मुद्दाम किंचित सरकवलेली, म्हणजे सांधा आवळला जातो. मधल्या चौकटींत काठ्या विणून वर माती, पेंढा आणि शेणाचा लेप. हा तर आपला कोकणातला कूड!

त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की घात होतो. भेगांतून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, तळाची तुळई कुजते. तिथं चुन्याचाच गिलावा हवा.

जलाशयासाठी जागा जाणार म्हणून हे घर सुटं करून ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारलं. खुंट्यांचं होतं, म्हणून ते जमलं.

तुमच्या गावाकडं एखादी कुडाची भिंत अजून उभी आहे का?