पाचवा कोण?

मार्च निम्मा सरला की एखाद्या दुपारी जेवणानंतर, डोळे जड झालेले असताना, ऑफिसात ती शीट येते. अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगच्या सहा डिव्हिजन म्हणजे गट, प्रत्येकात पाच टीमसाठी पाच रिकामे चौकोन, यंदा कोण कितवं येणार ते ओपनिंग डेच्या, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवसाच्या, आत भरून पाठवा. पैसे वगैरे काही नाहीत, जिंकणाऱ्याला एक टोपी, तीही त्याच्या टीमची असेलच असं नाही. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर बेसबॉल थोडंफार अंगवळणी पडलंय.

पहिला नंबर लिहायला काय लागतं? नॅशनल लीग वेस्ट या डिव्हिजनमध्ये लॉस एंजेलिसचे डॉजर्स लिहायचं आणि पुढे सरकायचं, २०२४ आणि २०२५ लागोपाठ वर्ल्ड सिरीज, म्हणजे शेवटची अजिंक्यपदाची लढत, नेणाऱ्यांना दुसरं कुठे बसवणार. माझं घोडं अडतं पाचव्यावर. अजून १६२ मॅचेस व्हायच्यात, एक बॉल पडलेला नाही आणि आपण एका अख्ख्या गावाला सांगायचं की तुम्ही तळाला. हात धजत नाही. म्हणून पाचवा मी लिहीतच नाही, वरचे चार भरतो, उरेल तो पाचवा. पाप लागत नाही.

हे आजोबांकडून आलं असावं. पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंबाची चटणी कशीबशी गिळली की ते पाटावर बसून संवत्सरफल वाचायचे. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघेश कोण. पावसाची ओळ सावकाश, दोनदा, कारण शेजारचे काका त्याच्यासाठीच आलेले असायचे, आणि मग चोरभय, अग्निभय, रोगपीडा आली की आवाज एकदम खाली, नुसतं पुटपुटणं, की लगेच पान उलटलं. आजी आतून ओरडायची, "अहो, मधलं खाल्लंत!" सणासुदीला कशाला, म्हणायचे.

आता हे काम कॉम्प्युटर करतो. पेकोटा नावाचं एक भाकितयंत्र आहे, बिल पेकोटा नावाच्या खेळाडूवरून नाव जुळवलेलं, आणि हा माणूस कोणी मोठा स्टार नाही बरं का, आयुष्याची बॅटिंग अॅव्हरेज .२४९, म्हणजे साधारण चारात एक हिट. तो बरीच वर्षं कॅन्सस सिटी रॉयल्सकडून खेळला. त्याच रॉयल्सना पेकोटा यंत्राने २०१५ साली ७२ विजय वर्तवले, आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलेल्या टीमला! ते ९५ जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही घेऊन गेले. २०२१ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना तर कुणी धरलंच नव्हतं, त्यांनी १०७ जिंकून डॉजर्सना एका मॅचने मागे टाकलं. मला यात मजा वाटते ती अशी, की यंत्रही वाईट बोलायला कचरतं. ते सगळा सीझन हजारो वेळा खेळून बघतं आणि सरासरी सांगतं, त्यात टोकं झिजून जातात. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ला १२१ मॅचेस हरले, पण एवढं कुठलं यंत्र मार्चमध्ये लिहिणार?

टोरांटोची मावसबहीण मात्र हिशोब मागते. ब्लू जेज २०२४ला डिव्हिजनमध्ये शेवटचे, २०२५ला पहिले, आणि वर्ल्ड सिरीज सातव्या म्हणजे शेवटच्या मॅचच्या, नऊ इनिंग सरूनही, अकराव्या इनिंगपर्यंत ताणली. "तू आम्हाला कितवं टाकलेलंस रे?" म्हटलं ताई, मी नाही टाकलं, तुम्ही उरलात.

आमच्यात एक डेन्व्हरचा आहे. त्याचे रॉकीज २०२२पासून चार वर्षं तळाला, २०२५ला ११९ हारी. मैलभर उंचीवरचं गाव, हवा विरळ, मारलेला बॉल लांब जातो आणि पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, कर्व्ह बॉल नीट वळत नाही, बिचारे पिचर काय करणार. यंदा त्याने रॉकीजना चौथं लिहिलं. मी म्हटलं, अरे स्वतःची टीम आहे, टोपीचं एवढं काय, पहिलं टाक की.

म्हणाला, "चौथं आले तरी मी सुट्टी काढून घरी जाईन."