व्हॅनिलाला गोडाधोडातून बाहेर काढताना

व्हॅनिला म्हटलं की आपल्याकडे आइस्क्रीम नाहीतर कस्टर्ड. मला हा वास अंगावर हवा होता, गडद आणि लाकडाकडे झुकणारा. पुण्यात दुकानोदुकानी हुंगून पाहिलं; बहुतेक सगळं नुसतं गोड. म्हणून परफ्यूम घरीच करायला घेतलं.

आधी व्हॅनिलाच्या वाळवलेल्या शेंगा मागवल्या. हिरव्या शेंगेला हा वास नसतोच. ती गरम पाण्यातून काढून, उन्हात तापवून, कांबळ्यात गुंडाळून घाम आणतात आणि पुढे महिनोन्‌महिने वाळवतात-मुरवतात, तेव्हा कुठे तो सुटतो. त्याच्याही आधी फुलाचं परागीभवन हातानं करायचं. ती सोपी रीत १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली आणि आपल्याकडचे मळेसुद्धा तिच्यावरच चालतात. शेंगा महाग का, हे मग कुणाला विचारावं लागत नाही.

त्या उभ्या चिरून, तुकडे करून परफ्यूमच्या अल्कोहोलमध्ये भिजत घातल्या आणि बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवून अधूनमधून हलवत राहिले. काही आठवड्यांत अर्क कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला. वास सुरेख, पण दबका. चांगल्या शेंगेतही व्हॅनिलिन, म्हणजे या वासाचा मुख्य घटक, असतं जेमतेम दोन टक्के, ते अर्कात आणखी पातळ होतं.

जोर यावा म्हणून रविवार पेठेतून व्हॅनिलिनची पांढरी पूड आणली. कृत्रिम म्हणून तिला नाकं मुरडणं मला पटत नाही. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी ते सूचिपर्णी झाडांतल्या कोनिफेरिन या द्रव्यापासून बनवलं, आणि गेर्लां या फ्रेंच कंपनीचं १८८९ चं 'जिकी' हे परफ्यूम त्याच्याशिवाय झालंच नसतं. एक ग्रॅम पूड नऊ ग्रॅम अल्कोहोलमध्ये विरघळवली. वजन काट्यावरच करावं, थेंब मोजून नाही.

या दोन्हींच्या मिश्रणाला अजूनही केकचाच वास होता. गोडी मोडली ती नागरमोथ्यानं! उटण्यातला आपला नागरमोथा. त्याचं तेल धुरकट, मातकट, किंचित कडसर. अगदी थोडं घातलं तरी व्हॅनिला खाण्याची वस्तू राहिली नाही. जोडीला चंदन आणि लोबान. लोबानात मुळातच व्हॅनिलिनचा अंश असतो, त्यामुळे तो परका वाटत नाही.

मग बाटलीला हात न लावता मुरू दिलं. ताज्या मिश्रणावरून मत बनवू नये. वास एकमेकांत मिसळायला वेळ घेतात. व्हॅनिलिनमुळे द्रव हळूहळू तपकिरी होतो. तो बिघडलेला नसतो, पण पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतो, म्हणून मी मनगटावरच लावते. सकाळी लावलेलं संध्याकाळपर्यंत राहतं, आणि शेवटी उरतं ते व्हॅनिला नि चंदन.

आईनं हुंगून विचारलं, "दिवाळीचं उटणं काढलंस का गं?" तिच्या मते नागरमोथा थोडा कमी हवा. मला तो एवढाच हवा आहे.