मिसळ कायमची बंद का?

नाशिकमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा जुनाट आजार, निघाला की औषधांच्याही आधी हा प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: कायमची नाही. रक्त-आव पडत असेल तेव्हा मात्र नावही काढायचं नाही. तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, साल काढून शिजवलेला दुधी. आजार शांत असताना थोडी खाऊन बघा. मटकी बोटाने चुरेल इतकी शिजलेली, तर्री बाजूला, कच्चा कांदा नको, फरसाण नावाला. सुट्टीच्या दिवशी, घरी. त्या दिवशी दुसरं काही नवीन नको, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळत नाही. क्रोन्समुळे (आतड्याला सूज आणणारा याच जातीचा दुसरा आजार) आतडं अरुंद झालं असेल तर हिशेब वेगळा: सालं, बिया, कोशिंबीर तिथे अडकते. मग आपली द्राक्षंसुद्धा डॉक्टरांना विचारून.

खरं सांगायचं तर मिसळीला उगाच जास्त बोल लागतो. ती हा आजार लावत नाही, सुजलेल्या आतड्याला डिवचते एवढंच. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं मेसालामाइन बंद करणं जास्त महागात पडतं. गुडघ्यासाठी मनाने घेतलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळीही काहींना भोवते.

एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं औषध, दिला असेल तर तो नीट घ्या. शौचाला जाऊन या. बाटली हातात धरून कोमट करा, हलवा. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन झोपा, कारण आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो. टोकाला व्हॅसलिन लावून सावकाश दाबा. गार औषध किंवा घाईने दाबलेलं औषध लगेच बाहेर येतं. निदान अर्धा तास तसंच पडून राहा. खाली जुनी चादर हवी, डाग निघत नाहीत.

मुंबईला जायचं तर कारपेक्षा पंचवटी एक्सप्रेस बरी. डब्यात संडास असतो, कसारा घाटात अडकलेल्या कारमध्ये नसतो. पोटात काही गेलं की मोठं आतडं हलू लागतं, म्हणून चहा स्टेशनवर नको. तासभर आधी घरी घ्या, कळ तिथेच येऊन जाऊ दे. पिशवीत कपड्यांचा एक जोड, टिशू, ओआरएस. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड मात्र रक्त पडत असताना स्वतःहून घ्यायची नाही, आतडं धोकादायक फुगू शकतं. दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, सोबत ताप किंवा नाडी ९०च्या वर असेल, तर प्रवास रद्द करून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.