लाटा, पाऊस आणि बिटरेट

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतानाची क्लिप फोनच्या गॅलरीत पाहिली, तर जाळ्याची दोरीन् दोरी वेगळी दिसते. तीच क्लिप एडिट करून इन्स्टाग्रामवर टाकली की पाण्यावर चौकोनी ठिगळे उमटतात आणि ओल्या वाळूचा पोत सपाट होऊन जातो. ‘अ‍ॅपने क्वालिटी मारली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ते निम्मेच खरे आहे, कारण कोकणात आपण ज्या गोष्टी हौसेने चित्रित करतो, त्याच व्हिडिओची फाइल आक्रसून लहान करणाऱ्या तंत्राला, म्हणजे कॉम्प्रेशनला, सर्वांत जड जातात.

व्हिडिओच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पूर्ण साठवलेली नसते. २००३ साली प्रमाणित झालेल्या आणि आजही सर्वत्र चालणाऱ्या एच.२६४ या पद्धतीत अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण ठेवली जाते आणि मधल्या फ्रेमसाठी ‘हा तुकडा इथून तिथे सरकला’ एवढीच नोंद केली जाते. भिंतीसमोर बसून बोलणाऱ्या माणसासाठी ही नोंद थोडक्यात भागते; पण फुटणाऱ्या लाटेचा फेस, पागोळ्यांचा पाऊस, वाऱ्यावर सळसळणारे सुरूचे बन यांत कोणताही तुकडा जसाच्या तसा पुढे सरकत नाही, दर फ्रेमला सगळे नव्याने लिहावे लागते. दर सेकंदाला खर्चायचा डेटा, म्हणजेच बिटरेट, मात्र ठरलेला असतो. तो अपुरा पडला की बारीक तपशील टाकून दिला जातो आणि ठिगळे दिसू लागतात.

म्हणून दर्जा राखण्याचे काम एडिटिंगच्या आधीच सुरू होते. लाटा हलणारच आहेत, निदान कॅमेरा हलू नये. ट्रायपॉड नसेल तर फोन होडीच्या काठाला किंवा गडग्यावर टेकवावा, म्हणजे आकाश, किनारा आणि खडक यांवरचा डेटा वाचून तो पाण्याच्या वाट्याला येतो. रात्रीच्या दशावताराला आणखी दोन अडचणी असतात. अंधारात फोन आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो, त्यातून येणारे दाणे दर फ्रेमला बदलतात आणि फेसाइतकाच डेटा खातात. ते एडिटिंगमध्ये हलक्या हाताने कमी करावेत. त्यावर ‘शार्पन’ फिल्टर चढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने दाणेच अधिक ठळक होतात. दुसरी अडचण दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटरचा वेग, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, त्याच्याशी जुळला नाही तर सगळे चित्रच कमीजास्त उजळत राहते. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले की हा त्रास बहुतेक वेळा थांबतो.

माझ्या मते आपल्याकडे सर्वाधिक नुकसान मात्र अ‍ॅपवर पोचण्याआधीच होते. शिमग्याची पालखी गावातल्या कोणीतरी चित्रित करायची, ती मुंबईच्या चाकरमान्याला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायची, त्याने गाणे लावून एडिट करून मंडळाच्या ग्रुपवर टाकायची आणि तिथून उतरवून घेऊन कोणी तिसऱ्याने रील करायची, ही रीत घरोघरी आहे. यात क्लिप दर टप्प्याला नव्याने आक्रसते आणि एकदा गेलेला तपशील पुढे कोणत्याही सेटिंगने परत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा एचडी पर्याय निवडला तरी व्हिडिओ आक्रसतोच. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते आणि तिथे मर्यादाही २ जीबीची आहे. गुगल ड्राइव्हची लिंकही चालते.

एक्स्पोर्ट करताना रीलचा आकार १०८० × १९२० ठेवावा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, मूळ चित्रणाचाच राखावा. ३० फ्रेममध्ये घेतलेली क्लिप ६० मध्ये काढून नवा तपशील येत नाही. चित्रण ४के असेल तर ते लहान करण्याचे काम अ‍ॅपवर न सोडता एडिटिंगमध्येच उरकावे. बिटरेटसाठी यूट्यूबची शिफारस आधार म्हणून घेता येते: १०८० च्या व्हिडिओला ३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट प्रति सेकंद, ६० फ्रेमसाठी १२. समुद्र किंवा पाऊस असेल तर मी रीललाही १२ ते १५ देतो. १२ ने एका मिनिटाची फाइल साधारण ९० एमबी होते. याहून फार वर जाण्यात अर्थ नाही, कारण अ‍ॅप ती पुन्हा आक्रसणारच आणि घाटाखालच्या गावात रेंजची एकच काडी असताना अपलोड मात्र रेंगाळेल. आयफोन १२ पासूनचे फोन व्हिडिओ एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला टिपणाऱ्या प्रकारात, घेतात. रंग भडक किंवा फिके होऊ नयेत यासाठी ती सोय बंद ठेवावी, नाहीतर एक्स्पोर्ट तरी साध्या एसडीआरमध्ये करावे.

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीखाली सर्वोच्च दर्जाने अपलोड करण्याचे बटण असते, ते सुरू ठेवावे. एवढे करूनही जुनी रील कधी मळकट दिसली तर त्याचेही कारण आहे: ज्या व्हिडिओंना फारसे कोणी पाहत नाही ते कमी दर्जाच्या रूपात दाखवले जातात आणि पाहणारे वाढले की पुन्हा चांगल्या दर्जात तयार केले जातात, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२४ मध्ये स्वतःच सांगितले होते. तिथे आपल्या हाती काही नाही.

यूट्यूबवर मात्र थोडे आहे. १४४० किंवा ४के आकारात चढवलेल्या व्हिडिओला तिथे व्हीपी९ ही अधिक काटकसरी पद्धत आणि जास्त बिटरेट मिळतो, त्यामुळे पावसाळी आंबोलीचा आडवा व्हिडिओ १०८० चा असला तरी मोठा करून चढवणे फायद्याचे ठरते. शिवाय यूट्यूब आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार करते आणि वरच्या आवृत्त्या मागाहून येतात, म्हणून व्हिडिओ प्रथम प्रायव्हेट ठेवावा आणि क्वालिटीच्या यादीत सर्वांत वरचा पर्याय दिसू लागल्यावरच तो सर्वांसाठी खुला करून लिंक ग्रुपवर पाठवावी.