इंजिन बसलं, पण पेटायला तीन आठवडे लागले

आमच्या जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवतोय. मागच्या नोंदीत ते माउंटिंगवर बसलं होतं आणि गिअरबॉक्सही जुळला होता. तेव्हा वाटलं, अवघड भाग संपला. उरलं काय, तर चार वायरी आणि एक पाइप!

जुनी गाडी कार्बोरेटरची, डिस्ट्रिब्युटरवाली. आत गेलेलं इंजिन १६०० सीसी, १६ व्हॉल्व्हचं, इंजेक्शनवालं. म्हणजे ज्या गाडीत इंजिनाकडे जेमतेम पाच-सहा वायरी जात होत्या, तिथे आता अख्खा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि त्याचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा. ज्या गाडीतून इंजिन आलं तिचं हार्नेस मी पूर्ण काढून आणलं होतं, कनेक्टरपासून एक फूट राखून कापलेलं नव्हे. जे कोणी या वाटेला जाणार असतील त्यांनी एवढं तरी कराच. आणि गाडीला इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन पेटू न देणारं कुलूप) असेल तर चावी, ईसीयू आणि चावीभोवतीची रिंग हा संच फोडू नका.

हार्नेस जमिनीवर पसरून एसी, पॉवर विंडो, एअरबॅग यांच्या फांद्या पिनेपर्यंत मागे जाऊन सोडवल्या. या कामाला दोन संध्याकाळी गेल्या, पण मजा आली. जोड सगळे क्रिम्प केले, म्हणजे धातूच्या नळीत दाबून आवळले. सोल्डर केलेली वायर जोडाच्या कडेला कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. क्रँक सेन्सरच्या (इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या) वायरीवरची जाळी मात्र फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ केली. दोन्हीकडे केली असती तर तिच्यातूनच करंट फिरला असता आणि सिग्नलमध्ये कचरा आला असता.

पहिला सेल्फ मारला तो मुलीने. इंजिन छान फिरलं, पेटलं मात्र नाही. पण तिने चावी सोडली की शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात एकदा ‘फट्’ करायचं. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, मी सोडल्यावरच का करतं ते?" मग मीटर लावला. चावी ऑन असताना ईसीयूच्या इग्निशन पिनेवर १२.४ व्होल्ट, सेल्फ फिरत असताना शून्य! मी ती वायर ब्लोअरच्या लाइनवरून घेतली होती, आणि सेल्फ मारताना इग्निशन स्विच ती लाइन बंद करतो. चावी सोडली की ईसीयू जागा होणार, तोवर इंजिन थांबायला आलेलं.

जुन्या इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरून घ्यायचा मोह होतो, तोही टाळा. आमच्या गाडीत त्या वायरीला बॅलास्ट रेझिस्टर (व्होल्टेज कमी करणारा रोधक) आहे, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळतच नाहीत. शेवटी थेट स्विचच्या मागच्या टर्मिनलवरून वायर घेतली, तीही फक्त रिले (छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच) ओढायला. खरा करंट बॅटरीवरून फ्यूजमार्गे येतो. फ्युएल पंपाचा रिले वेगळा, त्याला ईसीयू अर्थ देतो, आणि पंपाला २.५ चौरस मिलिमीटरची वायर. कार्बोरेटरच्या पंपाला पाव-एक बार दाब पुरायचा, इथे सुमारे तीन बार लागतो.

एक गोष्ट कबूल करायला लाज वाटते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली तेव्हा कळलं की इंजिन ते बॉडीची अर्थची पट्टी लावायचीच राहिली होती. सेल्फचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परतत होता.

आता एक्झॉस्ट. मॅनिफोल्डचं (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या भागाचं) तोंड स्टिअरिंगच्या दांड्यापासून १८ मिमीवर आलं. उभ्या गाडीत पुरेसं दिसतं. पण माउंटिंगच्या रबरावर इंजिन डोलतं. लाकडी वासा घालून ते उचकून पाहिलं तर डाउनपाइप, म्हणजे मॅनिफोल्डपासून खाली जाणारा पाइप, १२ मिमी सरकला. उरले सहा. आणि पाइप तापल्यावर वाढतो ते वेगळंच: दीड मीटरचा साधा पोलादी पाइप ४०० अंशांनी तापला तर ७ मिमीच्या आसपास लांबतो, स्टेनलेस त्याहून जास्त. मग मॅनिफोल्डपाशी पाचरीसारखे तुकडे कापून वळण घट्ट केलं, डाउनपाइपच्या खाली लवचीक जोड टाकला आणि मागचा पाइप रबरी हँगरवर मोकळा लोंबता ठेवला. सगळीकडे निदान २५ मिमी मोकळं राखलं. टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, गाडीखाली मारले, पूर्ण वेल्डिंग बाहेर. टॅक मारण्याआधी बॅटरी सोडून ईसीयूही काढून ठेवला होता.

इथपर्यंत आल्यावर मान वर करून पाहिलं, तर माझं सुंदर टेप गुंडाळलेलं हार्नेस फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) जिथून शिरत होतं, बरोबर त्याच्या खालून डाउनपाइप! साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण शंभर अंशांच्या आसपासच हार मानतं. हवेची फट ठेवून पत्र्याची ढाल लावली असती तर कदाचित निभलं असतं. पण मन मानेना. हार्नेस उसवून दुसऱ्या बाजूने नेलं. एक्झॉस्ट आधी आणि वायरिंग नंतर केलं असतं तर हा अख्खा रविवार वाचला असता.

इंजिन पेटलं. पेटलं, पण पेट्रोलचा उग्र वास आणि तीन दिवसांत प्लग काळेकुट्ट. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर मीटर लावला तर ०.१ व्होल्टवर खिळलेला, म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. प्लग म्हणतात जाड, सेन्सर म्हणतो पातळ! मी एक संध्याकाळ सेन्सरच्या चारही वायरी तपासण्यात घालवली: हीटर, सिग्नल, अर्थ, सगळं ठीक. वायरी निर्दोष होत्या. मग व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून सायलेन्सरच्या टोकातून थंड इंजिनात हवा सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कडेपाशी, फ्लँजपाशी, बुडबुडे.

इंजिन चालताना पाइपातला दाब सारखा वर-खाली होतो. तो खाली गेला की फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजतो, ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं आणि तो आणखी पेट्रोल ओततो. फ्लँज वाकला होता माझ्याच वेल्डिंगने, मोकळा धरून वेल्ड केला होता ना. कापून पुन्हा केला, या वेळी जाड प्लेटवर बोल्टने आवळून, आणि गार होईपर्यंत सोडला नाही. नंतर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला. त्याच ओघात पाइपवरचं सेन्सर बसवायचं आट्यांचं बूच थोडं वर घेतलं. आता सेन्सर आडव्या रेषेच्या वर तिरका बसतो, त्यामुळे थंड पाइपात साठणारं पाणी त्याच्या टोकावर थांबत नाही.

आता सेन्सर ०.१ ते ०.९ च्या मध्ये झुलतो. तो आकडा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

टॅकोमीटर (मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा काटा) मात्र आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, ४५० दाखवतो. डिस्ट्रिब्युटरवाल्या चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडायच्या. इथे दोन कॉइल, प्रत्येकीची एका फेऱ्यात एकच, आणि मी वायर एकाच कॉइलवर लावली आहे. दोन्ही कॉइलचे सिग्नल डायोडने एकत्र करायचे आहेत. तोपर्यंत मुलीला सांगितलंय, दुप्पट करून वाचायचं.