अण्णांची वही

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीचे दहा दिवस नुसती धमाल असायची. लिंबू-चमचा, पाककला, वेशभूषा आणि एक नाटक, ज्यात दर वर्षी कुणीतरी हमखास संवाद विसरायचं. मी मात्र वाट बघायचो सामान्यज्ञान स्पर्धेची. प्रत्येक मजल्याचा एक संघ, बझर म्हणून स्टीलचं ताट आणि पळी, बक्षीस कंपासपेटी.

प्रश्न काढायचे अण्णा. नोकरी गोदीत, त्यामुळे त्यांचा भूगोल पुस्तकातला कमी आणि जहाजांवरचा जास्त. सुएझ कालवा १८६९ साली सुरू झाला, हे कुणीही विचारेल. अण्णा विचारायचे, "कालवा सलग आठ वर्षं बंद होता. कधी?" सगळे गप्प. "१९६७ ते १९७५!" मग माइक न सोडता पुढचं पुराण: अरब-इस्रायल युद्धात कालवा बंद पडला आणि युरोपातून मुंबईला येणारी जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. "आज येणार, उद्या येणार, आणि आम्ही बसलोय कागद घेऊन!" शेवटी मागून कुणीतरी ओरडायचं, "अण्णा, पुढचा प्रश्न!"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कुठल्याच संघात नसायच्या. गॅलरीत भाजी निवडत बसायच्या. खाली "ऑस्ट्रेलियाची राजधा..." एवढंच झालं की वरून "कॅनबेरा!" सिडनी म्हणायला उघडलेलं आमचं तोंड तसंच राहायचं. प्रश्न बाद. पुढल्या वर्षी त्यांना गुण मोजायला खाली बसवलं, तर तिथूनही ओठ हलायचेच.

१९९२ सालची फेरी मी विसरणं शक्य नाही. आम्ही आणि दुसरा मजला बरोबरीत, शेवटचा प्रश्न: क्षेत्रफळाने जगातला सर्वांत मोठा देश कोणता? मी ताट बडवलं आणि ठणकावून सांगितलं, "सोव्हिएत संघ!" अण्णांनी वहीत बघून मान डोलावली. आमच्याकडून शिट्ट्या सुरू. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी उभी राहिली. "अण्णा, तो देश आता नाहीये."

खरंच नव्हता. आदल्या डिसेंबरातच संपला होता, एकाचे १५ झाले होते. अण्णांनी चश्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, "मग आता कोणता?" "रशिया." इतके तुकडे पडूनही पहिला नंबर रशियानेच राखलाय, हे मला त्या रात्री कळलं. कंपासपेटी गेली. निकाल मला आजही मान्य नाही. वहीत होतं तेच मी सांगितलं होतं.

अण्णा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, पानोपानी खाडाखोड. 'सोव्हिएत संघ'वर काट, शेजारी 'रशिया', खाली तारीख. खाशाबा जाधवांच्या पानावर आधी आहे, 'ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा स्वतंत्र भारताचा एकमेव खेळाडू कोण?' त्यांचं कुस्तीतलं कांस्य १९५२चं, हेलसिंकीचं. तेव्हापासून ४४ वर्षं 'एकमेव' हा शब्द बरोबरच होता. १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकलं आणि अण्णांनी 'एकमेव' खोडून 'पहिला' केलं. ही एवढी काट मात्र अगदी पट्टी लावून मारलेली आहे.

शेवटची दुरुस्ती २००६ची. गणपतीच्या तोंडावर, ऑगस्टमध्येच, खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं होतं. 'सूर्यमालेत ग्रह किती?' यापुढचा ९ अण्णांनी खोडलेला नाही. बाजूला ८ लिहिलाय, तोही पेन्सिलीने.