हातातून घेतलेली दुसरी बाटली

मुलगा सहा वर्षांचा. भावाची बोनमॅरो मिळून आठवडा उलटला होता. जुनी मॅरो केमोने रिकामी झालेली, नवीन अजून रुजायची होती. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेले की आम्ही सगळेच धास्तावतो, याचे तर शून्यावर होते. अशा मुलाला जंतुसंसर्ग झाला तरी पू धरत नाही, लाइनच्या, म्हणजे छातीतून मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी सूजही बहुधा दिसत नाही, कारण ते सगळं घडवणाऱ्या पेशीच नसतात. ताप, एवढीच काय ती खूण.

संध्याकाळी त्याला ताप भरला. ड्यूटीवरच्या सिस्टरने नोंदीत लिहिलं होतं की छातीतली ही लाइन (हिकमन लाइन) फ्लश केली, म्हणजे सलाइन सोडून धुतली, आणि थोड्याच वेळात हुडहुडी भरली. तासाभरात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक सुरू झालं, आणि त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त आमच्या लॅबकडे निघालं. दोन बाटल्या. एकीवर ‘लाइन’, दुसरीवर ‘उजवा हात’, दोन्हींवर वेळ ७:४०, दोन्हींत रक्त सारखंच.

छातीत लाइन असताना पोराला पुन्हा सुई कशाला टोचायची, असं आईवडिलांना वाटतं आणि स्टाफलाही वाटतं. प्लेटलेट कमी, शिरा सापडत नाहीत, मूल हात ओढून घेतं. म्हणून पुष्कळदा लॅबला नुसती लाइनची बाटली येते. त्यामागची माया मला कळते, पण पटत नाही. एकट्या बाटलीवरून जंतू कोणता ते समजतं, तो ठाण मांडून बसलाय कुठे ते समजत नाही. त्या सिस्टरने रडणाऱ्या मुलाला समजावून हातातून रक्त काढलं होतं, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं.

पहाटे चारला लाइनची बाटली पॉझिटिव्ह आली. बाटलीतले जंतू वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, मशीन ते टिपतं आणि अलार्म देतं. मी स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली घेतली. बारीक, सडपातळ गुलाबी दांड्या, कुठे एकेकट्या तर कुठे जोडीने. ग्राम निगेटिव्ह, म्हणजे ग्रामच्या रंगात गुलाबी दिसणाऱ्या गटातले जंतू. लगेच वॉर्डात फोन केला.

“आतड्यातूनच आले असणार, मॅडम,” ट्रान्सप्लांटचे डॉक्टर म्हणाले. “तोंडभर छाले आहेत, जुलाब आहेत. लाइन ठेवू या.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. केमोने आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि तिथले जंतू थेट रक्तात उतरतात. ट्रान्सप्लांटच्या मुलांमध्ये हे नेहमीचं आहे. शिवाय ती लाइन म्हणजे त्याचं जेवण, औषधं, रक्त, प्लेटलेट, सगळ्याची एकच वाट. ती काढायची तर आधी प्लेटलेट चढवायच्या, भूल द्यायची. मी एवढंच म्हटलं, “सर, हाताची बाटली अजून वाजलेली नाही. ती कधी वाजते ते बघू.”

ती वाजली ७:२५ ला. जवळजवळ साडेतीन तासांनी.

रक्तात सुरुवातीला जंतू जितके जास्त, तितकी बाटली लवकर वाजते. आतड्यातून आलेले जंतू रक्ताबरोबर अंगभर फिरतात, त्यामुळे दोन्ही बाटल्या साधारण बरोबरीने वाजायला हव्यात. लाइनची बाटली हाताच्या बाटलीच्या दोन तास किंवा त्याहून जास्त आधी वाजली, तर मूळ लाइनमध्ये आहे असं धरतात. इथे शंकेला फारशी जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाव कळलं: स्यूडोमोनास एरुजिनोसा. चालू असलेलं औषध त्याला लागू पडत होतं, तरी ताप हटेना आणि लाइनचं पुन्हा पाठवलेलं कल्चरही पॉझिटिव्हच. औषध बरोबर असूनही हे होतं, कारण लाइनच्या आतल्या भिंतीवर जंतू स्वतःभोवती चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध पुरेसं काम करत नाही. स्यूडोमोनास असेल तर लाइन वाचवण्याचा हट्ट धरू नये, या मताची मी आहे आणि तसं स्पष्ट बोलले. डॉक्टरांनीही वेळ घालवला नाही. त्याच संध्याकाळी प्लेटलेट चढवून सर्जननी लाइन काढली.

वॉर्डात गेले तेव्हा आईने विचारलं, “काय निघालं, मॅडम?” मी सांगितलं की हा पाण्यात, ओलाव्यात, सिंकच्या मोरीत वाढणारा जंतू आहे. तिचा चेहराच उतरला. “अंग पुसताना लाइनचं टोपण भिजलं होतं. माझ्यामुळे झालं का हो?” तसं ठरवता येत नाही, आणि टोपण कोरडं राहील अशी सोय करून देणं आमचं काम आहे, तुमचं नाही, असं मी तिला म्हटलं. ते मनापासून म्हटलं होतं. लाइन घालताना आम्ही निर्जंतुकतेची पराकाष्ठा करतो. पण लाइन महिनोन्‌महिने राहते आणि दिवसातून कितीतरी वेळा उघडली जाते. प्रत्येक वेळी हब, म्हणजे लाइनचं बाहेरचं जोडतोंड, स्पिरिटने निदान १५ सेकंद घासून वाळू द्यायचा, हे कंटाळवाणं काम तेवढ्याच निष्ठेने व्हायला हवं.

काढलेल्या लाइनचं टोक कल्चरला लावलं, त्यावरही तोच जंतू वाढला. दीड दिवसात ताप उतरला. नंतरची कल्चर पाच-पाच दिवस ठेवली, काही वाढलं नाही. पुढच्या आठवड्यात न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले, म्हणजे भावाची मॅरो रुजली. दरम्यान हातातल्या कॅन्युलावर दिवस काढलेल्या त्या मुलाला नवीन लाइन घातली गेली, आणि आंघोळीआधी टोपणावर बांधायचं वॉटरप्रूफ आवरण सिस्टरने आईकडून स्वतः बांधून घेतलं.